अरगॉन झिजत नाही, मळतो

कणशोधक म्हटला की किरणोत्साराने होणारी झीज आलीच. स्फटिक धुरकट होत जातात, सिलिकॉनमध्ये दोष साठतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलास प्रयोगातला ऊर्जामापक, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा भाग, मात्र द्रवरूप अरगॉनने भरलाय, आणि अरगॉनचं काही बिघडत नाही. कण गेला, इलेक्ट्रॉन सुटले, आयनांना पुन्हा इलेक्ट्रॉन मिळाले की संपलं. मोडायला स्फटिकासारखी जाळी नाही, तुटायला रेणू नाहीत.

आत शिशाच्या थरांना पेटीच्या भात्यासारख्या घड्या आहेत. मधल्या सुमारे 2 मिलिमीटरच्या फटीत अरगॉन आणि 2000 व्होल्टचा विद्युतदाब. सुटलेले इलेक्ट्रॉन साधारण 450 नॅनोसेकंदांत फट ओलांडतात. वायूने भरलेल्या शोधक नळ्यांत एका इलेक्ट्रॉनमुळे आणखी अनेक सुटतात; तसा प्रभाराचा गुणाकार इथे होत नाही. जेवढा सुटला तेवढाच मोजायचा. वर्षानुवर्षं आकडा हलत नाही, त्याचं निम्मं श्रेय मी या साधेपणाला देईन.

मग बिघडतं काय? एक म्हणजे शुद्धता. ऑक्सिजनचा रेणू वाटेतच इलेक्ट्रॉन पकडतो, आणि त्यातून झालेला जड आयन इतका रेंगाळतो की मोजणीच्या वेळेत त्याचा उपयोग नसतो. दुसरं तापमान. अरगॉन 88 केल्विनला, म्हणजे उणे 185 अंश सेल्सिअसला असतो. तो एका अंशाने तापला तरी संकेत सुमारे 2 टक्क्यांनी घसरतो: थोडा घनता कमी झाल्यामुळे, जास्त इलेक्ट्रॉन मंदावल्यामुळे. म्हणून द्रवात शेकडो तापमापक बुडवलेले आहेत. सगळ्यावर नजर ठेवायला झेड कण आहेच: हा जड कण लगेच फुटतो आणि त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून त्याचं वस्तुमान काढता येतं. ते वस्तुमान आधीच पक्कं ठाऊक असल्याने मोजलेला आकडा सरकला, की कुठेतरी पाणी मुरतंय हे कळतं.

एवढी थंडी टाळावी म्हणून 1980 च्या दशकात सर्नच्याच यूए1 या प्रयोगाच्या गटाने खोलीच्या तापमानाला चालणारं टेट्रामिथाइलपेंटेन हे द्रव घेऊन पाहिलं. पण ते सेंद्रिय रेणू, किरणोत्साराने तुटतात. शिवाय उबदार भांड्याच्या भिंती आणि जोड अशुद्ध वायू सोडत राहतात. तो ऊर्जामापक कधी पूर्ण झालाच नाही.

न्यूट्रिनो म्हणजे पदार्थातून जवळजवळ अडथळ्याविना जाणारे कण; त्यांच्यासाठीच्या अमेरिकेतल्या ड्यून प्रयोगात इलेक्ट्रॉनांना अरगॉनमधून साडेतीन मीटरपर्यंत जायचंय, म्हणजे 2 मिलिसेकंदांहून जास्त प्रवास. तिथे हजार कोटी अरगॉन अणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणूही जास्त होतो. म्हणून अरगॉन सतत तांब्याच्या गाळणीतून फिरवतात. तांबं ऑक्सिजन धरून ठेवतं. गाळणी भरली की ती तापवून हायड्रोजन सोडायचा, म्हणजे ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो.