घटनाक्षितिज आणि सिंग्युलॅरिटी: एक जागा, एक क्षण

सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं कृष्णविवर घ्या. त्याच्या घटनाक्षितिजाची, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या सीमेची, त्रिज्या साधारण ३० किलोमीटर भरते. नाशिकच्या नकाशावर रामकुंडात कंपासचं टोक रोवून तेवढं वर्तुळ काढलं, तर त्र्यंबकेश्वर जेमतेम आत येईल. बहुतेकांच्या मनातलं चित्र असंच असतं: वर्तुळ म्हणजे क्षितिज आणि कंपासचं टोक म्हणजे सिंग्युलॅरिटी, जिथे सापेक्षतावादाची समीकरणं कोलमडतात. वर्तुळापर्यंत ठीक आहे. टोकाचं चुकतं.

क्षितिजावर भिंत नाही, पृष्ठभाग नाही. इथून पुढे निघालेला प्रकाश बाहेर पोचणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. छोट्या कृष्णविवराजवळ माणूस गुरुत्वाच्या ताणाने आधीच फाटेल, हे खरं. पण एम ८७ दीर्घिकेतल्या साडेसहा अब्ज सूर्यांच्या कृष्णविवराचं क्षितिज ओलांडताना, सापेक्षतावादानुसार, त्याला काहीच जाणवणार नाही. २०१९ साली गाजलेलं छायाचित्र याच कृष्णविवराचं. त्यात दिसते ती सावली, क्षितिजाच्या सुमारे अडीचपट मोठी. सिंग्युलॅरिटी तर मुळीच नाही.

खरी गंमत आत आहे. क्षितिजाच्या आत ‘केंद्राकडे’ ही दिशा काळासारखी वागते. त्यामुळे न फिरणाऱ्या कृष्णविवरातली सिंग्युलॅरिटी रामकुंडासारखी कुठे तरी वसलेली नसते. आत गेलेल्या प्रत्येकाच्या भविष्यात ती येणारच असते. दहा सूर्यांच्या कृष्णविवरात त्यासाठी जास्तीत जास्त ०.१५ मिलिसेकंद मिळतात, एम ८७ मध्ये सुमारे २८ तास. रॉकेट कितीही पेटवा, ही मर्यादा वाढत नाही. (फिरणाऱ्या कृष्णविवराच्या आतली रचना वेगळी आणि अजून वादातली आहे.)

गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलं ते ‘तिथे घनता अनंत होते’ असं नव्हे. प्रकाशकिरणांच्या काही वाटा मर्यादित अंतरावर संपतात, पुढे नेता येत नाहीत, एवढंच त्यांचं प्रमेय सांगतं. त्यामागे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींचं, अशा वाटा गुरुत्वाने कशा जवळ येतात हे सांगणारं, १९५५ चं समीकरण आहे.

मूलकणांना सूक्ष्म, कंप पावणारे तंतू मानून गुरुत्व आणि क्वांटम सिद्धांत जोडू पाहणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांताचं मोठं यश मात्र क्षितिजाच्या बाजूचं आहे. कृष्णविवराची एन्ट्रॉपी (बाहेरून तेच दिसताना आत किती सूक्ष्म अवस्था शक्य आहेत, याचं माप) घनफळावर नाही, क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते, हे बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका खास, पाच मितींच्या कृष्णविवराच्या सूक्ष्म अवस्था मोजल्या आणि उत्तर क्षेत्रफळाच्या सूत्राशी तंतोतंत जुळलं. पुढे अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी याच मोजणीत रामानुजनांनी शेवटच्या काळात मांडलेल्या ‘मॉक थीटा’ नावाच्या फलनांचं गणित आणलं. नाशिकजवळच्या देवळालीत शाळा शिकवता शिकवता आकड्यांशी खेळणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या गावाला हे विशेष आवडावं. गेल्या काही वर्षांत माहिती-विरोधाभासावर (कृष्णविवरात पडलेली माहिती कायमची नष्ट होते का, या कोड्यावर) जी खळबळ आहे, तीही क्षितिज आणि क्वांटम परिणामांमुळे त्यातून निघणाऱ्या मंद हॉकिंग प्रारणाभोवतीची.

‘स्ट्रिंग सिद्धांताने सिंग्युलॅरिटी मिटवली’ असं शीर्षक दिसलं, तर ती कोणती हे आधी पाहावं. ऑर्बिफोल्डसारख्या (शंकूसारखी अणकुचीदार टोकं असलेल्या) भूमितीतली टोकं या सिद्धांताने खरोखर निरुपद्रवी केली आहेत. पण ती अवकाशातल्या जागा आहेत, काळात स्थिर राहणाऱ्या. कृष्णविवरातला तो शेवटचा क्षण स्ट्रिंगच्या भाषेत कसा लिहायचा, यावर अजून एकमत झालेलं नाही.