सोन्याचा बार विकायला आणताना: पाकीट, नंबर आणि बिल

सोन्याची चिप, बिस्कीट किंवा बार विकायला, बदलायला किंवा टंच काढायला (शुद्धता तपासायला) आणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक छापले आहे. काउंटरवर गर्दी असताना प्रत्येकाला नीट समजावून सांगता येत नाही, आणि घाईत सांगितले की आम्ही काहीतरी लपवतो आहोत असे वाटते. म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहोत.

आधी पाकिटाबद्दल

आमच्याकडून नेलेला छोटा बार सीलबंद कार्डात असतो. कार्डावर रिफायनरीचे नाव, वजन, शुद्धता आणि नंबर असतो. बारवरही तोच नंबर कोरलेला असतो. (अगदी ग्रॅमभराच्या चिपेवर कित्येकदा जागा नसते, तेव्हा नंबर फक्त कार्डावर असतो.) सील शाबूत, दोन्ही नंबर जुळणारे आणि सोबत बिल असेल, तर आम्ही आमच्या विक्री-वहीत नंबर पाहतो, वजन पडताळतो आणि त्या दिवसाच्या भावाने व्यवहार करतो. चहा येईपर्यंत काम होते.

पाकीट फोडलेले असेल तर हे सगळे थांबते. तोच बार, तोच ग्राहक, तेच दुकान, तरीही आम्हाला तो बार ओळख नसलेल्या सोन्यासारखा तपासावा लागतो. सकाळी दिला तर संध्याकाळपर्यंत थांबावे लागते, टंचाची फी द्यावी लागते, आणि बार पुन्हा सीलबंद म्हणून विकता येत नसल्याने आम्ही तो गलाईच्या, म्हणजे वितळवायच्या सोन्याच्या भावानेच घेतो. यात नुकसान तुमचे होते, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो आहोत.

पाकिटे सर्वांत जास्त फुटतात ती दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला. सोन्याला हळदकुंकू लागले पाहिजे ही भावना आम्हालाही आहे, आमच्याही घरी पूजा असते. पण कार्डासकट बार तबकात ठेवून वरून हळदकुंकू वाहिले तरी पूजा पूर्ण होते. दुसरे कारण म्हणजे घरातले कोणीतरी "खरे आहे का ते एकदा बघूया" म्हणून कात्री लावते. घरी उघडून डोळ्यांना काही कळत नाही. शंका असेल तर पाकीट न फोडता आमच्याकडे आणा. नंबर आणि सील आम्ही तुमच्यासमोर पाहून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

वाटणीचेही तसेच. 100 ग्रॅमचा बार दोन लेकींसाठी मधोमध कापून आणतात. शिक्का आणि नंबर एका तुकड्यावर राहतो, दुसरा तुकडा बिननावाचा होतो. एका घरातल्या दोन बहिणींना मग दोन वेगळे भाव मिळतात आणि आमच्याच काउंटरवर कटुता येते. वाटणी करायची असेल तर अख्खा बार आणा. आम्ही तो जमा करून दोघींच्या नावे दोन वेगळे बार देतो, बिले वेगळी. पुढे वाटणी होणार हे माहीत असेल तर सुरुवातीलाच 10 किंवा 20 ग्रॅमचे बार घ्या. लहान बारांना घडणावळ थोडी जास्त पडते, पण मोडताना लागेल तेवढाच काढता येतो.

बारवर एचयूआयडी का नाही?

दागिन्यांना हॉलमार्क जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. 1 एप्रिल 2023 पासून सक्ती लागू असलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर अक्षरे-आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर लागतो. पण सक्तीच्या त्या आदेशातून बार, पत्रा, तार, सळई, नाणे अशा रूपातले सोने वगळलेले आहे. म्हणून बारवर एचयूआयडी दिसला नाही तर घाबरू नका. भारतीय मानक ब्यूरोचा परवाना असलेली रिफायनरी आपल्या बारवर हॉलमार्क उमटवू शकते, मात्र ती दागिन्यांसारखी सक्ती नाही. दागिन्याची ओळख हॉलमार्क केंद्र देते. बारची ओळख म्हणजे तो बनवणाऱ्याचा शिक्का, वजन, शुद्धता आणि नंबर. हे पुसले की मागे फक्त धातू उरतो.

ही पद्धत आमची नाही, जगभर अशीच चालते. लंडनच्या सोने-चांदी बाजाराच्या एलबीएमए या संस्थेची मान्य रिफायनऱ्यांची 'गुड डिलिव्हरी' यादी आहे. त्या यादीतल्या सोन्याच्या बारचे वजन 350 ते 430 ट्रॉय औंस, म्हणजे साधारण 11 ते 13 किलो असते. शुद्धता किमान 995 (हजार भागांत 995 भाग सोने) लागते आणि बारवर रिफायनरीचा शिक्का, नंबर, शुद्धता व बनवल्याचे वर्ष असावे लागते. शिवाय 2012 पासून या रिफायनऱ्यांना कच्चे सोने कुठून आले याचाही हिशेब द्यावा लागतो. भारतातली एमएमटीसी-पॅम्प या यादीत आहे. "एलबीएमएची चिप आहे" असे तुम्हाला कोणी सांगितले तर त्याचा अर्थ एवढाच घ्या की ती बनवणारी रिफायनरी मान्य आहे. 10 ग्रॅमची चिप स्वतः गुड डिलिव्हरी बार नसते.

मशीनने दोन मिनिटांत टंच निघतो, मग भट्टी कशाला?

क्ष-किरणांनी टंच दाखवणारे एक्सआरएफ मशीन आमच्याकडेही आहे आणि दागिन्याचा अंदाज घ्यायला ते उत्तम आहे. पण ते वरचा अगदी पातळ थरच वाचते. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. टंगस्टनची घनता 19.25 आणि सोन्याची 19.3, त्यामुळे आत टंगस्टन भरून वरून सोने चढवलेला बार काट्यावरही पकडता येत नाही आणि मशीनवरही 999 दाखवतो. इरिडियमची पूड मिसळलेला माल आणखी त्रासाचा. इरिडियम सोन्यात विरघळत नाही आणि सोन्याहून जड असल्याने मुशीच्या (वितळवण्याच्या भांड्याच्या) तळाशी बसते. म्हणून पाकीट नसलेला बार आम्ही आधी वितळवतो, ढवळतो आणि ओतलेल्या लगडीच्या (सोन्याच्या ठोकळ्याच्या) वरून व खालून असे दोन्हीकडून नमुने घेतो.

पुढची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. पाव ग्रॅमच्या आसपासचा नमुना मोजून त्यात अडीच-तीन पट चांदी घालतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या कपेलमध्ये (शिसे शोषणाऱ्या छोट्या वाटीत) हजार अंशांच्या वर तापवतात. तांबे, जस्त वगैरे शिशाबरोबर कपेलमध्ये शोषले जाते आणि सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो चपटा करून, गुंडाळी करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला की चांदी विरघळते. राहिलेले सोने पुन्हा सूक्ष्म काट्यावर तोलायचे. ब्यूरोच्या आयएस 1418 या मानकातही हीच कपेलेशनची रीत आहे. याला वेळ लागतो, आणि तो आम्ही कमी करत नाही. काढलेल्या नमुन्यातले सोने वजन करून तुमच्या हिशेबात जमा होते, ते आमच्याकडे राहत नाही.

एका ग्राहकाचा माल एका मुशीत, हा आमचा नियम आहे. विटा-खानापूर भागातल्या गलाई व्यावसायिकांनी देशभरात नाव कमावले ते याच शिस्तीवर, आणि आम्ही त्याच मातीतले आहोत. तुम्ही समोर उभे राहून वितळताना पाहू शकता. सराफ बंधूंना एक विनंती: चार गिऱ्हाइकांची मोड (मोडीचे जुने सोने) एकत्र करून, एकच लगडी ओतून आणू नका. एका लगडीत कमी टंचाचा माल निघाला तर तो कोणाचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. वेगवेगळ्या पुड्या आणा, आम्ही प्रत्येकीला वेगळा लॉट नंबर देतो. आमच्या लगडीवर तो नंबर, वजन आणि टंच ठोकलेला असतो आणि तीच नोंद पावतीवर असते. वर्षाने फोन केलात तरी कुठली मूस आणि कुठला टंच ते वहीत सापडते.

995 की 999?

दोन्ही चोख म्हणून विकले जाते आणि दोन्ही योग्य आहे. 100 ग्रॅमच्या 995 बारमध्ये 99.5 ग्रॅम सोने असते, 999 मध्ये 99.9. फरक 0.4 ग्रॅम, म्हणजे भाव विचारताना कुठल्या शुद्धतेचा भाव ते विचारलेच पाहिजे. एमसीएक्स या वायदे बाजाराचा एक किलोचा सौदा 995 चा असतो, टीव्हीवरचा भाव बहुधा तोच. घरात ठेवायला आम्ही 999 सुचवतो. दागिना घडवायचाच असेल तर 999 ला जास्तीचे पैसे देण्याची गरज नाही.

आजोबांचे बिस्कीट

जुन्या दहा तोळ्यांच्या बिस्किटाचे वजन 116.64 ग्रॅम असते, 100 नाही. आज आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. विकताना हे 16 ग्रॅम विसरू नका. त्यावर परदेशी रिफायनरीचा शिक्का असतो, पण नंबर बहुधा नसतो. बिलही नसते, कारण 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यामुळे 1990 पर्यंत असे सोने घरी ठेवायलाच मनाई होती. अशा बिस्किटाला आम्ही नाही म्हणत नाही. टंच काढावाच लागेल, आणि वारसा कसा आला याचा कागद असेल तो आणा. आणण्यापूर्वी ते वितळवू मात्र नका. जुना शिक्का हीच त्याची असलेली थोडीफार ओळख आहे.

येताना काय आणाल

बार पाकिटासकट, मूळ बिल किंवा त्याचा मोबाइलवरचा फोटो, आधार, आणि दोन लाखांवरच्या व्यवहाराला पॅन. बिलावरची खरेदीची तारीख तुम्हालाच विक्रीवरचा कर मोजायला लागते. दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याने बंद आहे, आणि आम्ही सोने घेताना दहा हजारांवरचे पैसे बँकेतूनच देतो. बिल हरवले असेल आणि बार आमच्याकडचा असेल, तर नंबर सांगा. आमच्या वहीतून दुसरी प्रत काढून देतो.

टंचाचा माल सकाळी अकराच्या आत द्यावा, म्हणजे त्याच दिवशी पावती मिळते. पाकीटबंद बारसाठी दिवसभरात केव्हाही या.