मॅनिंग घराण्याच्या तीन पिढ्या आणि क्वार्टरबॅकची कॉलेजनिवड

२३ जून २०२२ रोजी आर्च मॅनिंगने ट्विटरवर एका ओळीत जाहीर केलं की तो टेक्सास विद्यापीठाकडून खेळणार. न्यू ऑर्लिन्सच्या इसिडोर न्यूमन शाळेतल्या या क्वार्टरबॅकसाठी अलाबामा आणि जॉर्जिया ही विद्यापीठंही टपून होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा डाव चालवतो तो क्वार्टरबॅक. यष्टिरक्षकासारखी ही जागा एकच. एकजण खेळतोय म्हटल्यावर दुसऱ्याने बाकावर बसायचं. म्हणून कॉलेज चुकलं तर इतरांपेक्षा त्याला जास्त महागात पडतं.

आर्चचे आजोबा आर्ची मॅनिंग मिसिसिपीतल्या ड्रू नावाच्या छोट्या गावचे. १९६७ मध्ये ते राज्यातल्याच 'ओल मिस'ला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात गेले. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायलाच मनाई होती. फुटबॉलमधली ती बंदी १९७२ मध्ये उठली. १९६४ पासून 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' हा करारही आला होता. त्यावर सही झाली की बाकीच्या कॉलेजांनी त्या मुलाचा नाद सोडायचा. त्यामुळे दारातली कोचांची रीघ थांबली, हे खरं. पण त्या कागदाने बांधला जायचा तो मुलगाच. घरी येऊन शब्द देणारा कोच जास्त पगारावर दुसरीकडे गेला तर त्याला कोणी अडवत नसे. मुलाने कॉलेज बदललं तर मात्र साधारण एक वर्ष मैदानाबाहेर. हा उघड अन्याय होता आणि तो अनेक दशकं चालला.

कृष्णवर्णीय मुलांचा प्रश्न याहून मूलभूत होता. लॉस एंजेलिसच्या वॉरन मूनला बहुतेक कॉलेजं क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या जागेवर खेळवायला बघत होती. त्याने ऐकलं नाही. आधी दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात खेळला, मग वॉशिंग्टन विद्यापीठाचे कोच डॉन जेम्स यांनी त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच घेतलं. १९७८ च्या रोझ बोल या मानाच्या कॉलेज सामन्यात त्याच्या संघाने मिशिगनला हरवलं आणि सामन्याचा मानकरी मूनच ठरला.

आर्ची यांचा मुलगा, म्हणजे आर्चचा काका पेटन याने १९९४ मध्ये वडिलांचं कॉलेज नाकारून टेनेसी गाठलं, तेव्हा मिसिसिपीतले लोक भडकले. घरी संतापाची पत्रं आली. टेनेसीत त्याच वर्षी ब्रँडन स्टुअर्ट हा दुसरा नावाजलेला नवा क्वार्टरबॅकही दाखल झाला होता. वरच्या वर्गातले दोघे क्वार्टरबॅक जखमी झाले आणि पेटनला संधी मिळाली. ती त्याने सोडली नाही. स्टुअर्ट टेक्सास ए अँड एमला निघून गेला, तिथे नियमाप्रमाणे एक वर्ष नुसता बसला, आणि १९९८ मध्ये त्या संघाने बिग १२ या कॉलेजांच्या लीगचं विजेतेपद मिळवलं.

चित्र पालटलं ते गेल्या काही वर्षांत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी सुरू झाली. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आणि १ जुलैपासून कॉलेज खेळाडूंना जाहिराती वगैरेंतून स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. टेक्सासमधल्या शाळकरी खेळाडूंना तशी कमाई करता येत नव्हती. म्हणून तिथला क्वार्टरबॅक क्विन यूअर्स शाळेचं शेवटचं वर्ष सोडून थेट ओहायो स्टेटला गेला. तिथे क्वार्टरबॅकच्या जागेवर सी. जे. स्ट्राउड जम बसवून होता, तेव्हा डिसेंबरात यूअर्स टेक्सास विद्यापीठात परतला आणि २०२२ मध्ये लगेच खेळलाही. जुन्या नियमाने तो वर्षभर बसला असता.

२०२४ मध्ये लेटर ऑफ इंटेंट बंद झालं. २०२५ च्या उन्हाळ्यापासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आता घरचे लोक कोचला विचारतात ते पुढे कोण आहे, पैसे किती आणि तुम्ही स्वतः इथे टिकणार का.

यूअर्स पुढे आहे हे माहीत असूनच आर्चने टेक्सास निवडलं होतं. पोर्टल खुलं असताना तो दोन सीझन थांबला. मला त्याच्या निवडीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आता थांबणं ही सक्ती उरलेली नाही. २०२५ मध्ये तो टेक्सासचा नियमित क्वार्टरबॅक झाला.