तेरा मिनिटांचं भांडण

इसवी सन 922. वल्हांडणाचा सण (पासओव्हर) रविवारी की मंगळवारी, यावरून यहुदी समाजात उभी फूट पडली. पॅलेस्टाइनकडचे लोक रविवार म्हणत होते, बगदादकडचे मंगळवार. या सणात घरात खमिराचा कण ठेवायला बंदी. तेव्हा दोन दिवसांची चूक म्हणजे सरळ धर्मभंग.

आपल्याला हा प्रकार अगदीच नवा नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येऊन जातात. फक्त आपण त्यावर हसतो आणि दोन्हीकडचे मोदक खातो.

भांडणाचं मूळ होतं गणितात. यहुदी पंचांगही चांद्र-सौर आहे, 19 वर्षांत 7 अधिक महिने घालणारं. तासाचे 1080 भाग करायचे. एका भागाला हेलेक म्हणतात, म्हणजे सव्वातीन सेकंदांहून किंचित जास्त. चांद्रमास धरायचा 29 दिवस, 12 तास आणि 793 हेलेक. बॅबिलोनी ज्योतिषांकडून आलेला हाच आकडा प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ग्रंथातही आहे आणि आजच्या मोजणीशी त्याचा फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा! दुर्बिणीशिवाय, शतकानुशतकांच्या ग्रहणांच्या नोंदींवरून काढलेला.

या पंचांगाच्या आरंभापासून 923च्या वर्षारंभापर्यंत 57,921 महिने होतात. मी कागद घेऊन गुणाकार केला, आठवडे वजा केले. ती सरासरी अमावास्या शनिवारी भर दुपारी 12 नंतर 237 हेलेकांनी येते. म्हणजे 12 वाजून 13 मिनिटं 10 सेकंद.

नियम असा की अमावास्या माध्यान्हीला किंवा त्यानंतर आली, तर वर्षारंभ (आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्याला नव्याचा सण म्हणतात) पुढच्या दिवशी ढकलायचा. पण तो रविवारी चालत नाही, म्हणून सोमवार. मग आधीचं, म्हणजे 922च्या शरदात लागणारं, वर्ष मंगळवारी सुरू केलं तर ते 356 दिवसांचं होतं, आणि अधिक महिना नसलेलं वर्ष 355 दिवसांपलीकडे जाता कामा नये. म्हणून तोही वर्षारंभ मंगळवारचा गुरुवारी गेला. वसंतातल्या वल्हांडणापासून शरदातल्या वर्षारंभापर्यंतचे दिवस ठरलेले, त्यामुळे 922चा वल्हांडणही रविवारचा मंगळवारी. पुढच्या वर्षीच्या तेरा मिनिटांनी आदल्या वर्षीचा सण हलवला तो असा.

पॅलेस्टाइनचे धर्मप्रमुख बेन मेइर म्हणत, मर्यादा माध्यान्ह नव्हे, माध्यान्हीनंतर 642 हेलेक, म्हणजे 35 मिनिटं 40 सेकंद. तेरा मिनिटं त्यात आरामात बसतात. गंमत म्हणजे चांद्रमासाच्या आकड्याबद्दल वाद नव्हताच. आकाशाकडे कितीही वेळ पाहिलं तरी हा तंटा सुटणार नव्हता, कारण तो चंद्राबद्दल नव्हता. मर्यादा कुठे आखायची आणि ती आखायचा मान कुणाचा, याबद्दल होता.

बगदादच्या बाजूने लेखणी परजून उतरला सईद इब्न यूसुफ अल-फय्यूमी, म्हणजेच सादिया. 882 साली इजिप्तच्या फय्यूममध्ये जन्मलेला, तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावरचा आणि कुठल्याही गादीवर नसलेला. बेन मेइरचा बेत त्याला सीरियातल्या हलब (अलेप्पो) शहरात कळला. त्याने आधी पत्रं लिहून समजावलं, मग बगदादच्या विद्वानांसोबत उघड लढाई केली. अखेर माध्यान्हीचाच नियम टिकला, तो आजतागायत. 928 मध्ये सादिया सूरा या यहुदी धर्मविद्यापीठाचा गाओन, म्हणजे प्रमुख झाला. या भांडणातली पत्रं फाटक्या तुकड्यांच्या रूपात कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या अडगळीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेर आली.

933 च्या सुमारास त्याने अरबीत आपला तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ लिहिला, 'किताब अल-अमानात वल-इतिकादात'. माणसाला कळतं ते कशावरून, हा त्यातला पहिलाच प्रश्न. त्याची उत्तरं तीन: इंद्रियं, बुद्धी आणि अनुमान. अनुमानाचं त्याचं उदाहरण वाचून आपण दचकतो: धूर दिसला की न दिसलेली आग मानावी लागते. आपल्या न्यायदर्शनातला डोंगरावरचा धूर तो हाच!

पण पंचांगाच्या भांडणातून गेलेल्या सादियाने या तिघांना एक चौथं जोडलं: विश्वासार्ह परंपरा. सांगोवांगी म्हणून ती उडवून लावणाऱ्यांना तो म्हणतो, मग आपण आपल्याच आईचे आहोत, हे तरी तुम्हाला कशावरून ठाऊक?