टॉवेलची कडक भाकरी

सोलापुरात कडक भाकरी विकत मिळते, कडक टॉवेल मात्र घरोघरी तयार होतो. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळलेला टॉवेल दोरीवरून काढावा, तर भिंतीला टेकवून उभा राहील असा. ज्या गावाच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात ही नामुष्की!

परवा जुळे सोलापुरातल्या वहिनींनी मोबाईलवर पाहिलेला उपाय करून दाखवला. पेलाभर पांढरं व्हिनेगर, त्यात मोठा चमचाभर खायचा सोडा, की झाला घरगुती, ‘केमिकल नसलेला’ सॉफ्टनर. फेस उसळून ओट्यावर आला. ‘‘भाऊजी, बघा कसं काम करतंय!’’

काम चाललं होतं खरं, पण त्या दोघांचं आपसांतच. ५ टक्क्यांच्या २०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये १० ग्रॅम अॅसिटिक आम्ल असतं आणि सुमारे १४ ग्रॅम सोडा त्याला पुरता संपवतो. चारेक लिटर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतं सोडियम अॅसिटेटचं पाणी. त्यात ना आम्लाचा गुण, ना सोड्याचा. आणि ‘केमिकल नसलेला’ म्हणाल, तर व्हिनेगर, सोडा, पाणी ही तिन्ही केमिकलंच आहेत.

मुळात टॉवेल कडक का होतो? आपण सगळा दोष जड पाण्याला देतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मग बोअर आलंच, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे. साबण त्यात फेसाळण्याऐवजी फाटतो आणि त्याचा चिकट साका धाग्यांत अडकतो. हे खरंच आहे. पण क्षार नसलेल्या पाण्यात धुतलेलं सुती कापडही न हलवता वाळवलं तर ताठरतं. म्हणजे आणखी कुणीतरी गुन्हेगार आहे.

तो गुन्हेगार खुद्द पाणी आहे, आणि ही गोष्ट मला फार आवडते. कडक भाकरी कडक असते ती तिच्यातलं पाणी गेल्यामुळे. आमटीत बुडवली की मऊ पडते. टॉवेलचं उलटं आहे. तो कडक होतो त्याच्यात थोडं पाणी उरल्यामुळे! कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. प्रत्येक कडीला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, लटकलेले असतात आणि पाण्याच्या रेणूला त्यांची भारी ओढ. साधारण हवेत ‘कोरड्या’ सुती कापडाच्या वजनात ७-८ टक्के पाणी असतंच. आपल्या उन्हाळ्यात कमी, पण शून्य नाही. हे पाणी ओलं लागत नाही, पिळून निघत नाही. ते एका तंतूचा हात धरतं आणि शेजारच्या तंतूचाही. हे हायड्रोजन बंध एकेकटे दुबळे असतात, पण टॉवेलभर पसरले की त्यांची खळ बनते. २०२० साली जपानमधल्या काओ कंपनीच्या आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पाहिला, अवरक्त किरणांनीही तपासला, आणि त्यावरचं हे बांधलेलं पाणी नेहमीच्या पाण्यापेक्षा वेगळं वागतं असं दाखवलं.

आता बाटलीतला सॉफ्टनर काय करतो ते पाहा. त्याच्या रेणूचं डोकं धनभारित असतं आणि मागे १६-१८ कार्बनच्या लांब शेपट्या. पाण्यात कापसावर किंचित ऋणभार येतो, म्हणून डोकं तंतूला चिकटतं आणि तेलकट शेपट्या बाहेर राहतात. मग शेजारच्या तंतूशी पाण्याचे पूल बांधले जात नाहीत, तंतू एकमेकांवरून घसरतात. डिटर्जंट बहुधा ऋणभारित असतं. सॉफ्टनर त्याच्यासोबत टाकला तर दोघं गळ्यात गळे घालून साका होतात. म्हणून सॉफ्टनर शेवटच्या पाण्यात. केसांच्या कंडिशनरमध्येही याच घराण्यातले रेणू असतात, त्यामुळे पाण्यात कंडिशनर कालवण्याचा घरगुती उपाय लागू पडू शकतो. पण मग तो ‘घरगुती’ कसला? बाटली फक्त न्हाणीघरातून आली.

व्हिनेगरच्या रेणूला ना तसं डोकं, ना लांब शेपटी. ते क्षार विरघळवतं, एवढंच. त्यालाही पुरेसं लागतं. समजा, बोअरच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका बायकार्बोनेट क्षारांचा जडपणा आहे. २० लिटरच्या बादलीत तो ८ ग्रॅम झाला. तेवढा मारायलाच जवळपास २०० मिलिलिटर व्हिनेगर खर्ची पडतं, टॉवेलवरच्या क्षाराची पाळी त्यानंतर. झाकणभर टाकून काही होत नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी शेवटचं खळबळणं त्या पाण्यात केलं, तर क्षार कमी असल्याने थोडक्या व्हिनेगरवर भागतं. व्हिनेगर साबणासोबत मात्र घालू नका. आम्लाने साबण फुटून तेलकट आम्लं कापडावर बसतात. ब्लीचसोबत तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि पाइपला चुंबक बांधून पाणी ‘मऊ’ करून देणारे दारावर आले, तर त्यांना चहा पाजा, पैसे देऊ नका. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कुठे जात नाही.

चादरीला सॉफ्टनर चालेल. पण टेरी टॉवेलवरचे ते धाग्यांचे उभे फासे असतातच पाणी पिण्यासाठी. त्यांच्यावर तेलकट शेपट्यांचा थर चढवायचा म्हणजे स्पंजाला मेण लावण्यासारखं. सुती साडीला आपण मुद्दाम कांजी घालून ताठ करतो आणि टॉवेलला पैसे देऊन मऊ, ही आणखी एक गंमत. टॉवेलला खरं तर झटका पुरतो. वाळत घालताना जोरात झटका, अर्धवट वाळल्यावर एकदा, काढताना एकदा. तंतू हलत राहिले की पाण्याच्या पुलांना जमायला उसंत मिळत नाही, आणि जमलेले मोडतात. वाऱ्यावर फडफडलेला टॉवेल मऊ निघतो तो याचमुळे.

वहिनींना हे पटलं की नाही, कोण जाणे. बाटलीत उरलेल्या व्हिनेगरने त्यांनी क्षार चढलेली नळाची तोटी घासली. ती मात्र चकचकीत झाली.