आकाशातला बॉम्ब आणि मुका झालेला रेडिओ

नागपूरला ज्यांनी जुना ट्रान्झिस्टर वापरलाय त्यांना आठवत असेल, दिवसा आसपासचंच स्टेशन लागायचं पण रात्री काटा फिरवला की कुठली कुठली स्टेशनं यायची, आणि नागपूरचाच १५६६ किलोहर्ट्झवरचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर, १९८८ ला नॅशनल चॅनल सुरू झाला तो, रात्री पार लांबपर्यंत ऐकू जायचा. कारण आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या, विद्युतभारित हवेच्या पट्ट्याचा सगळ्यात खालचा डी थर, साधारण ६० ते ९० किमी उंचीवरचा. तो दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि रेडिओलहरी गिळतो, रात्री विरतो, मग लहरी वरच्या थरांना लागून परत खाली येतात.

हे आधी सांगितलं कारण अमेरिकेने ३१ जुलै १९५८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर ‘टीक’ नावाचा ३.८ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला तो जवळपास ७७ किमी उंचीवर, म्हणजे थेट या डी थरातच! रात्र असूनही तिथे दिवसापेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन मोकळे झाले, हवा तिथे बऱ्यापैकी दाट असते त्यामुळे ते सारखे रेणूंवर आपटतात आणि लहरीची ताकद तिथेच संपते. पॅसिफिकमधला शॉर्टवेव्ह रेडिओ काही तास ठप्प. बॉम्बमधून सुटलेले बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून दक्षिणेकडे गेले आणि सामोआ बेटांवर लोकांना आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला, एवढ्या विषुववृत्ताजवळ!

लोकांना माहित असतो तो ९ जुलै १९६२ चा ‘स्टारफिश प्राइम’ हा अमेरिकेचाच स्फोट, जॉन्स्टनजवळच, १.४ मेगाटन, ४०० किमी उंचीवर. हवाई बेटं तिथून सुमारे १,४५० किमी, म्हणजे नागपूरहून दिल्लीपेक्षाही लांब, तरी तिथले रस्त्यावरचे काही दिवे गेले. पण दिवे गेले ते विद्युतचुंबकीय धक्क्याने (स्फोटातून क्षणभर उसळणारी लहर, जी तारांमध्ये वीज निर्माण करते), रेडिओ बंद पडतो ती गोष्ट वेगळी, या दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. मला वाटतं सगळ्यात वाईट काम त्याने वेगळंच केलं, पृथ्वीभोवती इलेक्ट्रॉनचा कृत्रिम पट्टा तयार झाला, त्यात ब्रिटनचा एरियल-१ उपग्रह खराब झाला आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रहही पुढे काही महिन्यांत गेला.

त्याच ऑक्टोबरात, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच ऐन भरात असताना, सोव्हिएत युनियननेही कझाकस्तानवर असेच स्फोट केले. शेवटी ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला, हवेत, अंतराळात, पाण्याखाली अणुचाचणी बंद, भारतानेही त्याच महिन्यात सही केली. नोव्हेंबर १९६२ नंतर एवढ्या उंचीवर कोणी बॉम्ब फोडलेला नाही.