येण्याआधी दोरा नको, चिमटा नको
दाढीच्या इलेक्ट्रोलिसिससाठी, म्हणजे विजेच्या सुईनं केस कायमचे काढण्यासाठी, येणाऱ्या आमच्या ट्रान्स स्त्री आणि किन्नर ग्राहकांना

पहाटेची एसटी पकडून एक ताई साताऱ्याहून पुण्यात आमच्या दारात हजर झाल्या. तारीख महिनाभर आधी घेतलेली, कामावरून दोन दिवसांची रजा काढलेली. खुर्चीत बसवलं, दिवा चेहऱ्यावर आणला, भिंगातून पाहिलं आणि माझा जीव हळहळला. ओठावर, हनुवटीवर, गळ्यावर एकही केस नाही, नुसती लाल, फुगलेली छिद्रं. ‘एवढ्या लांबून तुमच्याकडे यायचं, तर नीट दिसायला हवं म्हणून काल दोरा करून घेतला,’ त्या म्हणाल्या. सहा तासांचं काम ठरलं होतं, आम्ही दोघी त्यांच्यासाठी मोकळ्या बसलो होतो, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. चहा देऊन परत पाठवावं लागलं.

हे एकदाच घडलं असतं तर पत्रक छापलं नसतं. महिन्यातून दोन-तीनदा घडतं. म्हणून ज्यांनी आमच्याकडे मोठ्या बैठकींची तारीख घेतली आहे, त्यांनी निदान पुढचा भाग तरी नीट वाचावा.

केस असेल तरच सुई चालते

आमचं काम केसावर नसून त्याच्या मुळावर चालतं. केस ज्या छिद्रातून वर येतो त्याच छिद्रात आम्ही केसाइतकी बारीक सुई सरकवतो आणि तळाशी वीज सोडतो. सुई किती खोल आणि कुठल्या कलानं घालायची, हे आम्हाला तो केसच सांगतो. गळ्यावरचे केस बहुतेकींचे आडवे वाढतात, ओठावरचे तिरके, हनुवटीवरचे खोल. केसच नसेल तर आम्ही आंधळे. नुसत्या छिद्रात अंदाजानं सुई घालणं म्हणजे कातडी भाजून घेणं, आणि ते आम्ही करत नाही.

दोरा, वॅक्स, चिमटा, एपिलेटर, सगळ्यांचा परिणाम एकच: केस मुळातून उपटला जातो. मूळ मात्र मरत नाही. महिना-दोन महिन्यांत तिथून नवा केस वर येतो. तेवढे दिवस ते छिद्र आमच्यासाठी बंद. म्हणजे तुम्ही काल दोरा केलात, तर आजची बैठक तर गेलीच, पुढच्या महिन्याचीही गेली.

रेझर चालतो. उलट आम्ही तर म्हणतो, रेझरच वापरा. इथे बऱ्याच जणी अडतात, आणि का अडतात ते मला ठाऊक आहे. एक तर लहानपणापासून ऐकलेलं असतं की रेझर लावला की केस जाड होतात. तसं होत नाही. केस किती जाड असावा हे मुळाशी ठरतं, आणि रेझर मुळापर्यंत पोचतच नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून ते बोटाला खरखरीत लागतं, एवढंच. दुसरं कारण मनाचं. आरशासमोर उभं राहून गालाला फेस लावणं हे ज्या आयुष्यातून बाहेर पडायचंय त्याच आयुष्यातलं काम. ते नकोसं वाटतं, हात थांबतो आणि चिमट्याकडे वळतो. हे मी हसण्यावारी नेत नाही. पण जितके महिने चिमटा चालू, तितके महिने आरशासमोरचं हे काम लांबतं. रेझर थोड्या दिवसांचा सोबती आहे, असं समजून चाला.

तीनच दिवस

बैठकीच्या तीन दिवस आधी स्वच्छ दाढी करा. मग हात लावू नका. गुरुवारी सकाळी बैठक असेल, तर सोमवारी सकाळी शेवटचा रेझर. दाढीचा केस दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो. तीन दिवसांत तो आमच्या चिमट्याला धरता येईल एवढा होतो.

‘आठवडाभर वाढवून आले तर जास्त केस निघतील ना?’ असं विचारतात. नाही. दाढीचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढत असतात, काही विसावलेले असतात आणि गळायच्या बेतात असतात. सगळे भुईसपाट करून तीन दिवस थांबलं, की जे वर दिसतात ते नेमके वाढणारे. त्यांचं मूळ जिवंत, भरलेलं आणि विजेला लगेच बळी पडणारं असतं. विसावलेल्या केसावर घालवलेला वेळ वाया जातो. तुम्ही पैसे वेळेचे देता, म्हणून हे सांगते.

तीन दिवसांची खुंटं घेऊन वावरणं ज्यांना खरोखर जड जातं, त्यांनी तसं सांगावं. तारीख घेतानाच सांगितलं तर आम्ही चेहऱ्याचे भाग पाडतो. आधी फक्त वरचा ओठ आणि हनुवटी वाढवायची, गाल-गळा रोज साफ ठेवायचा. ओठ-हनुवटी हा भाग मास्कखाली झाकला जातो. नोकरी करणाऱ्यांना सोमवारी सकाळची पहिली वेळ देतो, म्हणजे शुक्रवारी सकाळी रेझर आणि शनिवार-रविवार घरात. आणि पुण्यात तर स्कूटरवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या मुलीकडे कुणी वळूनही पाहत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी तशाच येतात, आत येऊन स्कार्फ काढतात आणि मगच नीट श्वास घेतात.

वर्षानुवर्षं चिमटा वापरलेल्यांसाठी

किन्नर समाजातल्या आमच्या काही ग्राहकांनी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून रोज चिमट्यानं दाढी काढली आहे. गुरूनं शिकवलं, सगळ्या करतात, तशी त्यांनीही केली. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण त्यामुळे तीन गोष्टी होतात, त्या आधी माहीत असाव्यात. केस कातडीच्या आतच वळून रुततात आणि गाठी होतात. त्या जागी काळे डाग राहतात. आणि केस ज्यातून वर येतो ती कातडीतली नळी वाकडी होते.

ही वाकडी नळी आमच्या कामाला सगळ्यात जड. नुसत्या उष्णतेची पद्धत वेगवान असते, पण उष्णता सुईच्या टोकाभोवतीच राहते. सुई सरळ, नळी वाकडी, मग टोक मुळापर्यंत पोचत नाही. अशा चेहऱ्यावर आम्ही ब्लेंड वापरतो. त्यात उष्णतेबरोबर गॅल्व्हॅनिक प्रवाह, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीजही असते. हा प्रवाह कातडीतलं पाणी आणि मीठ यांपासून छिद्राच्या तळाशी थोडा कॉस्टिक सोडा तयार करतो. तो द्रव असल्यामुळे वळणातूनही मुळापर्यंत झिरपतो. वेळ जास्त लागतो. ‘दुसरीकडे तर एका सेकंदात एक केस काढतात,’ असं आम्हाला ऐकवलं जातं. काढत असतील. सरळ केसावर आम्हीही काढतो. प्रश्न तो परत येतो की नाही, हा आहे.

याची परीक्षा तुम्हीच करू शकता. वीज सोडून झाल्यावर केस लोण्यातून निघावा तसा सुटून आला पाहिजे. मुळाशी पांढुरकं, ओलसर आवरण दिसतं. मागितलंत तर टिश्यूवर ठेवून भिंगाखाली दाखवतो. ओढ जाणवली, टचकन उपटल्यासारखं वाटलं, तर तो केस मेलेला नाही. लगेच हात वर करा. आमच्यापैकी कुणीही असो, सुई पुन्हा लावेल. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी गेलात तरी हे लक्षात ठेवा.

मोठ्या बैठकी कशासाठी

चेहऱ्यावर दाढीचे दहा हजारांहून जास्त केस असतात, दाट दाढीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. तासाला पाचशे केस धरले, तरी दहा हजारांच्या पहिल्या सफाईलाच वीस तास. आठवड्याला एक तास आलात तर पाच महिने लागतात, आणि तोवर सुरुवातीच्या भागात नवी फळी उगवलेली असते. चेहरा एकदाही पूर्ण मोकळा दिसत नाही आणि धीर सुटतो. म्हणून आम्ही दोघी मिळून दोन बाजूंनी, दिवसाला सहा तासांपर्यंत काम करतो. दोन-चार दिवसांत पहिली सफाई होते. पुढची साधारण सहा आठवड्यांनी, आणि प्रत्येक वेळी तास कमी होत जातात. सगळं मिळून वर्ष-दोन वर्षं आणि शंभर तास धरून चाला. दाट दाढीला दोनशेच्या वरही जातात. ‘सहा बैठकींत कायमची सुटका’ असं पॅकेज आम्ही विकत नाही, कारण तसं होत नाही. दर तासाचा, जेवढं काम तेवढे पैसे. दरपत्रक काउंटरवर लावलेलं आहे.

मग लेझरच का नको? लेझरला आमचा विरोध नाही. केस काळेभोर आणि दाट असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे आधी लेझर करून मग उरलेल्यांसाठी आमच्याकडे या, पैसे वाचतील, हे आम्ही स्वतः सांगतो. फक्त सावळ्या कातडीला चालणारं मशीन आहे का, ते तिथे विचारा. लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतो, त्यामुळे पांढरे आणि भुरे केस तसेच राहतात. चाळिशीनंतर येणाऱ्यांना हे फार लागू पडतं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी अमेरिकेतली सरकारी संस्था एफडीए लेझरला केस ‘कायमचे कमी करणारा’ म्हणते, ‘कायमचे काढणारी’ म्हणते ती इलेक्ट्रोलिसिसला. पद्धतही कालची नाही: 1875 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञानं डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांवर ती वापरल्याचं प्रसिद्ध केलं. लेझर चालू असेल तर शेवटच्या बैठकीनंतर सहा-आठ आठवडे जाऊ द्या, गळायचे ते गळू देत, मग आमच्याकडे या.

हार्मोन्स चालू केल्यावर दाढी आपोआप जाईल, या आशेवर एक-दोन वर्षं थांबलेल्याही बऱ्याच येतात. अंगावरचे केस पातळ होतात, दाढीची वाढ थोडी मंदावते. पण एकदा जाड झालेलं दाढीचं मूळ गोळ्यांनी मरत नाही. थांबू नका. गोळ्या मात्र आमच्या सांगण्यावरून चालू-बंद करायच्या नाहीत, तो डॉक्टरांचा विषय.

दुखतं

दुखतं, आणि वरच्या ओठावर सगळ्यात जास्त. बधिर करणारं मलम तासभर आधी लावून वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावा. ट्यूबवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त मलम किंवा जास्त वेळ नको. ते रक्तात उतरतं आणि त्रास होतो. सुईनं भूल द्यायचा अधिकार आम्हाला नाही. लांबच्या बैठकींसाठी ती द्यायला डॉक्टर येतात, त्यासाठी निदान आठ दिवस आधी कळवावं लागतं. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊन येऊ नका, रक्त लवकर थांबत नाही आणि कातडीखाली साकळतं. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या आणि सकाळी पोटभर नाश्ता करून या. उपाशी पोटी येऊन चक्कर आलेल्या दोघी-तिघी आम्ही सांभाळल्या आहेत.

आधी सांगाच अशा गोष्टी: पेसमेकर, फिट्स, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ओठावर वारंवार उठणारे हर्पिसचे फोड, जखमेच्या जागी वाढणारे वण, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. एचआयव्ही असेल तर सांगणं तुमच्या मर्जीवर. काम नाकारलं जाणार नाही, तसं नाकारणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात बसतही नाही. सुई प्रत्येकीची नवी, सीलबंद, तुमच्यासमोर उघडलेली. बैठक संपली की तुमच्यासमोरच डब्यात.

घरी गेल्यावर

दोन-तीन दिवस सूज राहते, मग बारीक खपल्या धरतात. आठवडाभरात त्या आपोआप पडतात. नखानं काढल्यात तर आपल्या रंगाच्या कातडीवर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि मग तो डाग इलेक्ट्रोलिसिसच्या नावावर जातो. बर्फ कापडात गुंडाळून लावा. दोन दिवस मेकअप नको. हळद, बेसन, लिंबू काहीही नको. आणि हात जोडून विनंती: मेडिकलमधून मिळणारं ‘गोरं करणारं’ मलम लावू नका. त्यातल्या बऱ्याचशांत स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होते, आणि अशा कातडीवर आम्हाला सुई लावता येत नाही. बाहेर पडताना सनस्क्रीन लावा.

नोंदवहीत तुम्ही सांगाल तेच नाव लिहिलं जातं, त्याच नावानं हाक मारली जाते. त्यासाठी कुठलंही कार्ड दाखवावं लागत नाही. सोबत आई, बहीण, मैत्रीण, गुरू, कुणालाही आणा. बाहेर बसायला जागा आहे.

बैठक वाया गेली तर अर्धी रक्कम आम्ही घेतो, आणि यावरून थोडी नाराजी होते. दोघींचा सहा तासांचा वेळ आम्ही दुसऱ्या कुणाला दिलेला नसतो. कोल्हापूर-नाशिकहून येणाऱ्या जणी त्याच तारखेसाठी रांगेत असतात. पण चूक झाली असेल, घरच्यांनी लग्नासाठी दोरा करायला लावला असेल, रात्री आरशासमोर राहवलं नसेल आणि चिमटा हातात घेतला असेल, तर निघण्याआधी फोन करा. दोन दिवस आधी कळलं तर एक पैसाही कापत नाही, कुणी रागावत नाही, सहा आठवड्यांनंतरची तारीख तिथल्या तिथे देतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात फोन चालू असतो, मंगळवारी बंद.